सेटला कुंकू लावू नये

विसाव्या शतकात माणसाने अंतरावर विजय मिळवला, असे शाळेच्या पुस्तकांतून गंभीरपणे सांगितलेले असते. कडेगावपुरता हा विजय आमच्या सुभेदारांनी एकट्याने मिळवला, आणि तोही मस्टरवर वॉचमन म्हणून सही करून.

मुळात ते सुभेदार नव्हते. फौजेच्या सिग्नल विभागात वीस वर्षे काढून ते नाईक या हुद्द्यावर घरी आले होते. पण वीस वर्षे बाहेर राहून आलेला माणूस नुसता नाईक असावा हे गावाला पटेना, म्हणून गावाने परस्पर बढती देऊन टाकली. कुणीही 'सुभेदार' अशी हाक मारली की ते थांबत, टाच जुळवत आणि म्हणत, "सुभेदार न्हवं, नाईक." त्यावर समोरचा अदबीने म्हणे, "व्हय सुभेदार." हा संवाद मी हजार वेळा तरी ऐकला असेल. दोन्ही बाजूंपैकी कुणीही कधी माघार घेतली नाही.

मी त्या वेळी एका साखर कारखान्याच्या कडेगाव गट ऑफिसात कारकून होतो. कुणाचा ऊस कधी तोडायचा, कुठल्या फडावर किती गाड्या लावायच्या हे तिथून ठरत असे. म्हणजे ठरायचे कारखान्यावर, आणि ते आम्हाला कळायचे तेव्हा ऊस वाळायला लागलेला असायचा. फोन होता, पण तो लावणे हा एक जोडधंदा होता. म्हणून नव्वदीच्या सुरुवातीच्या एका वर्षी कारखान्याने सगळ्या गटांना वायरलेस सेट द्यायचे ठरवले आणि दसऱ्याच्या महिनाभर आधी आमच्या ऑफिसात एक खोका येऊन पडला. तो जोडून द्यायला पुण्याहून येणारा माणूस मात्र काही आला नाही. शेती अधिकारी खोक्याकडे आणि मग दारात राखणीला बसलेल्या सुभेदारांकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "सुभेदार, जमेल का? खंडेनवमीला नव्या ऑफिसचं उद्घाटन आहे. चेअरमनसाहेब इथूनच सगळ्या गटांशी वायरलेसवर बोलणार. ते पार पडलं की त्याच मांडवात तुमच्या ऑर्डरवर सही घेतो. वायरलेस ऑपरेटर!"

"सुभेदार न्हवं, नाईक," सुभेदार म्हणाले, आणि खोका उचलून आत घेऊन गेले. संध्याकाळी मला बाजूला घेऊन त्यांनी विचारले, "मस्टरला खरंच तसं लिवत्यात का वो? वायरलेस ऑपरेटर म्हणून?" मी हो म्हटले. त्यांनी मस्टर उघडायला लावले, आपल्या नावापुढची जागा बघितली आणि म्हणाले, "बसंल तेवढ्यात." या माणसाने दुसऱ्यांचे निरोप पोचवण्यात उमर घालवली होती. स्वतःसाठी त्याला दोन शब्द हवे होते.

पुढचे बावीस दिवस आम्ही युद्धभूमीवर राहिलो. छपरावर पाइप उभा करून त्याला चारी बाजूंनी तणावे दिले गेले. आमचा शिपाई बापू याच्याकडून कंबरभर खड्डा खणून घेऊन त्यात मीठ, कोळसा आणि तांब्याची पट्टी पुरण्यात आली, कारण वीज पडली तर ती कुठे जाईल हे तिला आधी सांगून ठेवले पाहिजे, असे सुभेदारांचे मत होते. बापूने रोज त्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतायचे. तो कुरकुरला, "आवं, हितं काय उगवनार हाय का?" तेव्हा त्याला अर्ध्या तासाचे व्याख्यान ऐकावे लागले, त्यातले 'जमीन वली पायजे' एवढेच त्याला समजले, आणि तेवढे त्याला आधीपासूनच ठाऊक होते.

वर लावायच्या अँटेनाची कांडी हातभर लांबीची होती. ती नेमकी किती लांब ठेवायची यावर सेटचा आवाज किती लांब जाणार ते अवलंबून होते. सुभेदार केबल आणायला मिरजेला गेले ते सकाळी, आणि परतले संध्याकाळी. केबल दहा मिनिटांत मिळाली होती. उरलेला दिवस ते एका तंबोरे करणाऱ्या कारागिराच्या दुकानात तारा लागताना ऐकत बसले होते. "त्येचं आन आपलं काम येकच हाय," ते म्हणाले. "तार तीच, फकस्त आपली कानाला ऐकू येत न्हाई." दुसऱ्या दिवसापासून ते करवत घेऊन छपरावर चढत, कांडी केसभर कापत, खाली उतरून मीटरची सुई बघत आणि म्हणत, "अजून येक सूत जादा हाय." असे त्यांनी एका दिवसात एकोणीस वेळा केले. विसाव्या वेळी सुई जागेवर बसली. तेव्हा त्यांनी करवत पुसून ठेवली.

सेटच्या मागे, झाकणाखाली, आठ बारीक खटके होते. त्यातले कुठले वर आणि कुठले खाली यावर सेट कुठल्या चॅनलवर बोलणार ते ठरे. सगळ्या गटांचे खटके सारखे हवेत. सुभेदारांनी तो क्रम कवायतीसारखा पाठ केला होता: वर, खाली, खाली, वर, वर, खाली, वर, खाली. एकदा एक खटका चुकला आणि सेटमधून कुठल्याशा धरणाच्या पाण्याचे आकडे ऐकू येऊ लागले. मी आणि बापू कान देऊन ऐकायला लागलो, तोच सुभेदारांनी सेट बंद केला. "दुसऱ्याचं ऐकायचं न्हाई," ते म्हणाले. त्या गावात हा नियम पाळणारे ते बहुधा एकटेच होते.

सेट बोलू लागला तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलायला शिकवले. माइकवरचे बटण दाबले की आपण बोलायचे. तेवढा वेळ बाकीच्या सगळ्या सेटांवर हिरवा दिवा लागणार आणि त्यांना गप्प बसावे लागणार. बटण सोडले की मग त्यांची पाळी. म्हणून बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणायचे आणि अंगठा उचलायचा. "ज्येचा अंगठा बटणावर, त्यो बहिरा," असे ते सांगत. हे शास्त्र त्यांनी घरीही लागू केले होते. बायकोचे वाक्य संपले तरी ते उत्तर देत नसत, तिच्या 'ओव्हर'ची वाट बघत. मी एकदा काकूंना म्हटले, "म्हणून टाका की एकदा." त्या म्हणाल्या, "म्हनलं तर त्यास्नी बोलू द्यावं लागंल. म्हनून म्हनत न्हाई."

शब्द नीट कळावा म्हणून त्यांनी अक्षरांना आसपासची गावे नेमून दिली होती. प म्हणजे पलूस, व म्हणजे विटा, म म्हणजे मिरज. त्यामुळे त्यांनी सांगितलेला कुठलाही निरोप एस.टी.च्या वेळापत्रकासारखा वाटे. त्यांनी एकदा 'साखर' हा शब्द पुसेसावळीच्या गटाला "सातारा, खटाव, रहिमतपूर" असा कळवला, तर तिथल्या कारकुनाने तीन गाड्या भरून उभ्या केल्या आणि विचारले, "ड्रायव्हर तयार हायती. आदी कुठली सोडू? ओव्हर."

खंडेनवमी उजाडली. या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, आणि ऑफिसात हत्यार म्हणजे काय याचा अर्थ बापू फार उदारपणे लावत असे. टाइपरायटर, पंच, कुलूप, माझी सायकल, एवढेच काय, चेअरमनसाहेबांच्या खुर्चीलाही त्याने हळदकुंकू वाहिले. फक्त वायरलेसच्या टेबलाकडे तो फिरकला नाही. कारण तिथे सुभेदारांनी आदल्या दिवशी खडूने पाटीवर लिहून ठेवले होते: 'सेटला कुंकू लावू नये. हुकूम.' बापू दुखावला होता. "वर्साचा सण हाय, आन त्येलाच उपाशी ठेवायचं व्हय?" असे तो मला दोनदा म्हणाला.

मी त्या दिवशी मांडवाची व्यवस्था बघायला लवकर आलो होतो. दार उघडेच होते. आत सुभेदार, अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत, सेटसमोर उभे होते. सेटची चाचणी घेऊन झाली होती. वहीत 'सर्व गट पाचावर पाच' अशी नोंद होती, म्हणजे आवाज उत्तम आणि स्पष्ट. त्यांच्या डाव्या तळव्यावर पाण्यात कालवलेले हळदकुंकू होते, आणि त्यांनी ते दोन बोटांनी सढळ हाताने माइकच्या तोंडाला लावले. वर झेंडूचे फूल ठेवले. हात जोडले. मागे वळल्यावर मी त्यांना दिसलो. पाटीवरचा हुकूम आम्हा दोघांच्या मध्ये होता.

"बावीस दिस साथ दिली त्येनं," ते ओशाळून म्हणाले. "तुमी कुनाला सांगू नगा."

कशालाही हात लागला की चाचणी पुन्हा घ्यायची, हा त्यांचाच नियम होता. तेवढ्या एका दिवशी त्यांनी तो पाळला नाही.

चेअरमनसाहेब दीड तास उशिरा आले, म्हणजे वेळेवरच. फीत कापली गेली. सेट मांडवात आणून ठेवला होता, आणि गटांकडून येणारी उत्तरे शेतकऱ्यांनाही ऐकू यावीत म्हणून शेती अधिकाऱ्यांनी मोठ्या हौसेने लाउडस्पीकरचा माइक त्याच्या शेजारी लावला होता. सुभेदारांनी बटण कुठले ते दाखवले. साहेबांनी ते अंगठ्याने दाबले आणि बोलायला सुरुवात केली. शेतकरी आणि कारखाना यांच्यातले अंतर आजपासून संपले आहे, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितले. मग सहकाराचा इतिहास आला. मग त्यांच्या वडिलांचा. अंगठा बटणावरच होता. सुभेदार ताठ उभे होते, पण त्यांचा एक हात हळूच सेटच्या पाठीवर गेला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर जातो तसा. ते वाकून म्हणाले, "सायेब, बटण सोडा." साहेबांनी मान डोलावली आणि पाण्याच्या प्रश्नाकडे वळले. दहा मिनिटांनी पुन्हा "सायेब, सेट तापलाय." साहेबांनी या वेळी जरा रागाने बघितले. शेती अधिकारी डोळ्यांनी सुभेदारांना 'गप्प' म्हणत होते. ऑर्डरचा कागद त्यांच्या खिशातून अर्धा बाहेर दिसत होता, आणि तो सुभेदारांनाही दिसत होता.

अर्धा तास झाला तेव्हा सुभेदारांनी पुढे होऊन, साहेबांचा अंगठा दोन बोटांत धरून, अलगद उचलला.

"ओव्हर," ते म्हणाले.

आणि सेटमधून, लाउडस्पीकरच्या पूर्ण ताकदीनिशी, पुसेसावळीच्या कारकुनाचा आवाज आला: "कडेगाव, कडेगाव! आवं सुभेदार, बटणावर कोन बसलंय? आर्धा तास झाला, नुसता दिवा पेटलाय, आवाज काय न्हाई. कुनाला बोलता येईना. त्या येड्याला उठवा आदी. ओव्हर."

शेवटी ओव्हर म्हटले होते. सुभेदारांची शिकवण वाया गेली नव्हती.

मागच्या रांगेतला पहिला माणूस हसला आणि मग मांडवच हसला. साहेब राजकारणातले होते, तेही हसले; पण त्या हसण्याला डोळे नव्हते. सुभेदारांनी सेटचा माइक हातात घेतला, उलटा करून पाहिला. वाळलेल्या कुंकवाने त्याची सगळी भोके लिंपून गेली होती. साहेबांचा एकही शब्द मांडवाबाहेर गेला नव्हता. शेती अधिकाऱ्यांनी ते पाहिले आणि दात ओठ खात विचारले, "हे कुणी केलं?" सगळ्यांनी बापूकडे पाहिले. सकाळपासून तोच तबक घेऊन हिंडत होता. बापूने तबक पाठीमागे लपवले. मी तोंड उघडणार होतो. काय बोलणार होतो, हे अजूनही मला नक्की माहीत नाही.

"मी केलं," सुभेदार म्हणाले. "त्येचा काय दोष न्हाई. हुकूम मीच लिवला आन मीच मोडला."

खिशातून दिसणारा कागद आत गेला. सुभेदार बाहेर पायरीवर बसून बाभळीच्या काट्याने माइकचे एकेक भोक उकरत राहिले, आणि बापू त्यांच्या शेजारी काटे मोडून देत होता. तासाभराने सगळे गट पाचावर पाच झाले, पण तोवर मांडवात फक्त केळीचे खांब होते.

त्यानंतर नऊ हंगाम सुभेदारांनी तो सेट चालवला, आणि मस्टरवर वॉचमन म्हणून सही केली. तक्रार केली नाही. खंडेनवमीला ते टेबलापासून चार हात लांब उभे राहून हात जोडत. मग फोन सुधारले, सेट कपाटात गेला आणि सुभेदारही घरी जायला निघाले. मी त्यांचे सर्टिफिकेट टाइप केले: 'यांनी नऊ हंगाम वायरलेस ऑपरेटर म्हणून काम केले.' शेती अधिकाऱ्यांनी, प्रथेप्रमाणे, न वाचता सही केली. सुभेदारांनी मात्र चष्मा लावून वाचले.

"ह्ये खोटं हाय. मस्टरला वॉचमन हाय."

"पण काम तर तुम्ही तेच केलंत ना?"

"काम येगळं, मस्टर येगळं. दुसरं करा." कागद परत देताना त्यांचा अंगठा त्या दोन शब्दांवर जरा रेंगाळला. मग त्यांनी तो कागद माझ्या हातातून पुन्हा काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि आतल्या खिशात ठेवला. "ह्यो राहू दे. कुनाला दावायचा न्हाई."

मी दुसरे सर्टिफिकेट टाइप केले. त्यात वॉचमन लिहिले, आणि मला राहवेना म्हणून एक वाक्य जास्तीचे घातले: 'यांच्या कारकिर्दीत ऑफिसातून काहीही चोरीस गेले नाही.' तेही त्यांनी खोडायला लावले. सातव्या हंगामात वायरलेसची बॅटरी चोरीला गेली होती.