कडीवाली मावशी

कमरेला किलोभर चाब्यांचा जुडगा असूनही कडीवाली मावशी कोणत्याच खोलीत दार वाजवल्याशिवाय जात नसे. नागपुरातल्या आमच्या मनोरुग्णालयाची इमारत इंग्रजांच्या काळातली. हातभर जाड भिंती, वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर, आणि सागवानी दारांना कडी फक्त बाहेरून. आतल्या माणसाला विचारायची सोय बांधणाऱ्यानं ठेवलीच नव्हती. ती मावशीनं ठेवली. कडी तीनदा वाजवायची, "येऊ का वं?" विचारायचं आणि आतून होकार येईपर्यंत उभं राहायचं.

मी नवी नर्स म्हणून लागले तेव्हा अक्कल सोडून माझं सगळं कडक होतं. टोपी, गणवेश, आवाज. मावशी आया, म्हणजे माझ्या हाताखालची, असा माझा समज. "मावशी, एवढा वेळ नसतो," असं तिला सुनावून मी सुमनच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. नवऱ्यानं महिन्यापूर्वी आणून सोडलेली ती बाई केस विंचरत होती. दचकली, फणी पडली, भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. दोन दिवस घास नाही. डॉक्टर म्हणाले, उद्या नाकातून नळी घालू.

मावशीनं मला व्हरांड्यात गाठलं. "काहून वं सिस्टर, तुह्या घरी कोनी असं घुसलं तर तू जेवशील का?"

"हा दवाखाना आहे, मावशी."

"तुह्यासाठी. तिचं घर हाय हे. चाबी आपल्यापाशी हाय म्हून घर आपलं होते का?" तिनं ताट माझ्या हातात दिलं. "जाय, वाजव. अन् हो म्हनेपर्यंत हालू नोको."

वाजवलं. काही नाही. वरण गार झालं, घामानं टोपीची खळ उतरली. मावशी शेजारी बसून निवांत सुपारी कातरत होती.

"थकली का वं?"

"नाही."

"खोटी!"

शेवटी माझा कडक आवाज मोडला. "सुमनताई, परवा चुकलं माझं. येऊ का?"

बऱ्याच वेळानं आतून आलं, "ये. पन वरन गरम करून आन."

"पाय, हुकूम देऊन राहिली! घरवालीच हाय ते," मावशी हसली. मी टोपी सावरत स्वयंपाकघराकडे अशी पळाले, की आजही आठवलं तर मलाच हसू येतं.

पुढं मी मेट्रन झाले. प्रत्येक नव्या नर्सला औषधांच्या आधी कडी वाजवायला शिकवलं. लोक ती माझी शिस्त म्हणत. मी अभिमानानं सांगे, आयाबाईकडून शिकलेय. आता मनीषनगरात नातीच्या दारावरही तीनदा वाजवते. "आजी, सरळ ये ना!" ती ओरडते. सरळ घुसून मी काय कमावलं होतं, ते तिला कुठं ठाऊक?

मावशी मात्र मी नोकरीला लागले त्याच वर्षी निवृत्त झाली. चाब्या माझ्याकडे देऊन ती दारोदार कडी वाजवत फिरली. "जाऊ का वं?" एकाही खोलीतून होकार येईना. आपलाच नियम, बिचारी व्हरांड्यात उभीच. ऊन कलल्यावर सुमनचा आवाज आला.

"जाय मावशी. पन येशील तवा वाजवजो."