जमुनावहिनीच्या हातची माती

आमची जमुनावहिनी एका जागी स्वस्थ बसलेली मी फारशी पाहिली नाही. जेवतानासुद्धा तिचा एक पाय उठायच्या तयारीत असायचा. अकोटकडच्या शेतकऱ्याची पोर ती. लग्न होऊन अमरावतीला आमच्याकडे आली, काही दिवसांनी अकोल्याला जाऊन बालवाडीचं शिक्षण घेऊन आली आणि राजापेठेत देवळामागच्या खोलीत तिने बालवाडी उघडली. घरी बसवत नाही म्हणून हा उद्योग, असं दादा म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. मी तिची नणंद. तिच्यामागे धावून माझा जीव मेटाकुटीला यायचा, त्यामुळे मी तिच्यावर बहुतेक वेळ चिडलेलीच असायचे.

सकाळी पोरं रांगेत हात पुढे करून उभी राहायची. वहिनी एकेकाची नखं बघायची, तळवे उलटेपालटे करायची, नाकाशी नेऊन वास घ्यायची आणि म्हणायची, "जाय, बस आता." मग खेळ सुरू. खेळायला रंगीत कणीक असे. हळदीची पिवळी, पालकाची हिरवी, बिटाची लाल. पोरं पाटावर तिचे साप वळायची, लाडू करायची, बैल करायची. कागद चिकटवायलाही कणकेचीच खळ. कणीक स्वस्त, आणि चुकून तोंडात गेली तरी काही बिघडत नाही, असं तिला अकोल्याला शिकवलं होतं.

चौसष्ट सालच्या जूनमध्ये बापूसाहेब वकिलांची अनुपमा बालवाडीत आली. हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं पुढे. तिची आई, रमाबाई, पहिल्याच दिवशी सांगून गेल्या की विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टरांनी पोरीचा गहू बंद केलाय, गव्हाने तिचं आतडं सोलून निघतं. डबा घरचाच येईल, दुसऱ्या कोणाचा घास देऊ नका. वहिनीने मान हलवली. गहू म्हणजे पोळी, एवढंच तिच्या आणि रमाबाईंच्याही डोक्यात होतं.

आजारपणामुळे पोरगी दोन वर्षं घरात एकटीच वाढली होती. सुरुवातीला तोंडच उघडेना. पंधरवड्यात मात्र इतकी बोलायला लागली, तीही आमच्यासारखी, की वकिलांच्या घरात 'मले' आणि 'तुले' ऐकू यायला लागलं. बापूसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण ते मनातून खूश होते. आणि मग पोरगी आजारी पडली. जुलाब थांबेनात. विचारलं तेव्हा कळलं, तिने पिवळे लाडू केले होते आणि खाल्लेही होते.

बापूसाहेब ओरडले नाहीत. पुन्हा असं झालं तर अनू घरीच राहील, एवढंच ते म्हणाले. पण वहिनीच्या अंगात वारं शिरलं ते तिथून. सगळी कणीक तिने त्याच दिवशी गाईला घातली. ज्वारीच्या पिठाचा गोळा करून पाहिला, तर बैलाचे पाय उभे राहीनात. त्या मोडक्या बैलांच्या भाकरी आम्ही आठवडाभर खाल्ल्या. खळीसाठी तिने चिंचोके भाजले, सोलले, दळले आणि शिजवले. सगळं घर त्या वासाने भरून गेलं. एसटीने अकोल्याला गेली आणि एका दुकानात रंगीत मातीची पेटी हातात धरून उभी राहिली. यात काय काय घातलंय, म्हणून विचारत राहिली. दुकानदार वैतागून म्हणाला, बाई, ही काय खायची वस्तू आहे? वहिनी म्हणाली, माझी पोरं खातात. पेटी तिथेच ठेवून ती परत आली.

शेवटी कुंभाराची गाळलेली माती आणली. ती पाटाला चिकटायची, पण त्यावरचा उपाय वहिनीच्या हाताला आपसूक ठाऊक होता. मुलांना द्यायच्या आधी माती, खळ, गेरू सगळं ती स्वतःच्या जिभेवर ठेवून बघायची. मी म्हटलं, वहिनी, तुला चवीत गहू कळतो का? ती म्हणाली, नाही कळत, पण राहवत नाही.

आणि श्रावणात अनू पुन्हा आजारी पडली.

आता वहिनीला कुठेच थारा नव्हता. देवळातल्या प्रसादावर संशय, शेजारणीवर संशय, मनातल्या मनात रमाबाईंच्या स्वयंपाकघरावरही संशय. भाजी फोडणीला टाकून विसरायची, अर्ध्या रस्त्यातून परत यायची. दादाला डब्यात पोळी लागायची, भाकरी नेली तर हापिसातले हसतात म्हणून. त्या पोळ्या रोज सकाळी करपायला लागल्या. मला तिचा राग यायचा आणि तिच्याकडे बघून रडूही यायचं.

बापूसाहेबांनी अनूचं नाव काढायचं ठरवलं. पोरीने मात्र पोळ्याच्या सणाला स्वतःच्या हाताने बैल करायचा हट्ट धरला होता. रमाबाईंनी नवऱ्याला कसंबसं वळवलं, मी शेजारी बसते, तेवढा बैल करू द्या. त्यानंतर अनूची बालवाडी बंद.

त्या दिवशी मदतीला मीही गेले होते. रमाबाई लेकीला खेटून बसल्या होत्या. अनूची माती पाटाला चिकटली. वहिनी बोलत बोलत वाकली, खिडकीतल्या डब्यात तिने चिमूट बुडवली आणि पाटावर भुरभुरली. पोळी लाटताना आपण पिठी लावतो, अगदी तशी.

अनू पाटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, माह्या बैलाले पोळीचं पीठ काहून लावून राहिल्या?"

खोलीत मुलांचा कलकलाट चालूच होता. रमाबाईंनी डबा ओढून घेतला, बोटाने पाहिलं. गव्हाचंच पीठ. कणकेच्या दिवसांपासून तो डबा खिडकीत होता आणि वहिनीचा हात रोज तिकडे जात होता. आमच्यापैकी कोणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. असल्या गोष्टीकडे कोण बघतो?  वहिनी तशीच निघाली ती थेट वकिलांच्या घरी.

मी मागोमाग पळाले. बापूसाहेबांसमोर उभं राहून तिने सगळं सांगितलं. "वकीलसाहेब, मीच चारलं तिले. माह्याच हातानं," ती म्हणाली.  बापूसाहेब हळूच म्हणाले, "डबा फेकाल बाई. पण हात तर तेच राहणार ना? घरी रोज कणीक मळता, तेच हात."  पोरीला उद्या फक्त बैल न्यायला पाठवा, एवढंच वहिनी बोलली.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात पोळी झाली नाही. दादाला भाकरीचा डबा मिळाला. त्याने तोंड वाकडं केलं, पण वहिनीकडे बघून डबा उचलला. ती दगडाने हात घासत बसली होती. नखं तिने मुळापर्यंत कापली होती.

बालवाडीत पोरं नेहमीसारखी हात पुढे करून उभी होती. दारात बापूसाहेब अनूचं बोट धरून उभे राहिले. वहिनीने एकाही पोराचे हात पाहिले नाहीत. ती सरळ दाराशी गेली, अनूपुढे गुडघ्यावर बसली आणि तिने आपलेच दोन्ही हात पुढे केले.

अनूने बापाचं बोट सोडवून घेतलं. वहिनीची नखं एकेक करून पाहिली. तळवे उलटेपालटे केले. नाकाशी नेऊन वास घेतला.  बापूसाहेब बघत होते. पोरीला त्यांनी परत ओढलं नाही.

"जा बाई," अनू म्हणाली, "बसा आता."

आणि आमची वहिनी तिथेच उंबऱ्यावर मांडी घालून बसली.