पहिली टाळी

भुईगावच्या किनाऱ्यावरच्या व्हॉलीबॉल सामन्यांना एक सडपातळ गृहस्थ पंच असायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. शिडीवर चढण्याआधी ते शिट्टी शर्टाला पुसायचे, जाळीची दोरी ताणून बघायचे.

त्या वर्षी अंतिम सामन्यात आमच्या पापडी गावच्या संघाने पहिला सेट एकतर्फी मारला, पुढचे दोन मात्र थोडक्यात गमावले. मी तावातावाने ओरडलो, "एकूण गुण आमचेच जास्त, चषक आमचा!"

ते सावकाश खाली उतरले. "पोरा, गुणांनी सेट मिळतो, सेटांनी सामना. खेळायला उतरलात तेव्हा हे मान्य होतं ना?"

शेजारच्या म्हाताऱ्याने मला मागे ओढलं. "कोणाला सांगतोस? पंचायतीला गावात सगळ्यात जास्त मतं यांनाच पडली. पण सरपंच निवडतात सदस्य, त्यांनी दुसऱ्यालाच केलं. लोक भांडायला निघाले, तेव्हा यांनीच अडवलं."

तेवढ्यात तेच सरपंच चषक द्यायला आले. गावातलं कुणीच टाळी वाजवेना. पंचांनी शिट्टी खिशात टाकली आणि मोकळ्या हातांनी खणखणीत टाळी वाजवली.

दुसरी टाळी माझी होती.