सीडीच्या खोक्यावरचा काठ

सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही. कोणी विचारलं तरी सांगणार नाही. नाव कळलं की लोक शोधायला जातात, आणि शोधणाऱ्यांनी आमचं आधीच पुरेसं वाटोळं केलंय.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं लग्न झालं होतं, मी शहापूरला हायवेच्या कडेला नांदत होते. माहेर भंडाऱ्यात, विणकरांच्या मोहल्ल्यात. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी बाबूजी, धाकटी बहीण आणि माग. बाबूजी कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवत काठी साडी विणायचे. तिला तीन धोटे लागतात, आणि काठाचे दात नीट बसायचे तर पलीकडून दुसरा हात लागतो. तो दुसरा हात बहिणीचा. बावीस वर्षांची होती, बारावी पास, बोलायला फटकळ. हसू आवरेना की बाबूजींना दिसू नये म्हणून मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्यात वाकून बसायची.

बाबूजींच्या काठाची एक खूण होती. करवतीचे सात दात सरळ आणि आठवा उलटा. त्यांच्या बापानं शिकवलेलं, बाकी कोणी तसं काढत नव्हतं. लग्नाकार्यात बाई पाठमोरी उभी असली तरी मोहल्ल्यातल्या बायका सांगायच्या, साडी कोणाच्या मागावरची आहे ते. चेहरा मग बघायच्या. आमच्याकडे बाई अशी काठावरून ओळखतात, आणि त्यात कोणाची चूक होत नाही, असा सगळ्यांचा पक्का समज.

त्या वर्षी बहिणीचं जवाहरनगरच्या मुलाशी जमलं. फॅक्टरीत नोकरी, राहायला क्वार्टर. नोकरीचं सोडा, तिला तो पोरगाच आवडला होता. मला म्हणाली, "ताई, थो आधी आयकून घेते, मंग बोलते." आमच्या घरात असा माणूस आजवर झाला नव्हता. साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, बाबूजींनी साडी विणायला घेतली, मधाच्या रंगाची, लाल काठाची. दोघांनी मिळून विणली. म्हणजे आपल्याच साक्षगंधाच्या साडीचे दात तिनं स्वतः जुळवले.

साडी मागावरून उतरली त्याच आठवड्यात ते सिनेमावाले आले. आंबागडच्या किल्ल्यावर कसल्याशा भुताच्या सिनेमाचं शूटिंग होतं. चार पोरं, दोन बाया, एक कॅमेरा, आणि मुक्काम भंडाऱ्याच्या लॉजवर. त्यांचा एक माणूस मोहल्ल्यात साडी शोधत फिरत होता. राणीच्या भुताला खरी कोशाची साडी पाहिजे होती. बाबूजींचा बाकी माल व्यापाऱ्याकडे गेलेला. त्या माणसाची नजर नेमकी ह्या साडीवर गेली. काठावरून बोट फिरवत म्हणाला, "बाबूजी, ये किनारी पूरा हिंदुस्तान देखेगा."

बाबूजींना आयुष्यात असं कोणी म्हटलं नव्हतं. तरी ते नाही म्हणाले. "पोरीनं घडी नाही मोडली अजून," म्हणाले. नव्या साडीची घडी जिची साडी तिनंच मोडायची, आणि साक्षगंधाच्या साडीची तर दुसऱ्या कोणी मोडायचीच नाही. मी तेव्हा माहेरी आले होते. मध्ये तोंड घातलं ते मी. "द्या ना बाबूजी. चार दिवसाचा तं सवाल आहे. धुऊन परत घडी घालू, कोणाले काय समजते?" बहीण खड्ड्यातून ओरडली, "माया साडीचा हिरो कोण आहे, थे तं इचारा!" सगळे हसलो. हसत हसत साडी दिली.

पाचव्या दिवशी साडी परत आली. निऱ्यांना माती, पदराला सेंटाचा वास. मीच रिठ्यानं धुतली, इस्त्री केली, जुन्या रेघांवर अगदी तंतोतंत घडी घातली. कामात मी हुशार आहे, त्याचंच आता वाईट वाटतं.

साक्षगंधाला जवाहरनगरहून गाडी भरून पाहुणे आले. बहीण साडी नेसून बसली आणि बाबूजींना चेव चढला. कोणी विचारलं नव्हतं हो! आपणहून उभे राहून सांगायला लागले, "साडी घरचीच आहे. पोरीनं आजच घडी मोडली. दुसऱ्या कोणाच्या आंगाले लागली नाही. हा आठवा दात पाहा, अख्ख्या भंडाऱ्यात सापडनार नाही." मी वाढता वाढता डोळे वटारले. ते माझ्याकडे बघतच नव्हते. पाहुण्यांकडच्या बायका पदर हातात धरून दात मोजत होत्या. होणाऱ्या विहीणबाईंनी तर दोनदा मोजले.

तो सिनेमा टॉकीजला काही लागला नाही. बाबूजी दोन-तीनदा टॉकीजवर जाऊन विचारून आले, हिरमुसून घरी आले. लग्न दिवाळीनंतर धरलं होतं. पोळ्याच्या सुमाराला सीडी आली.

माझ्या नवऱ्याला ती शहापूरच्या बस स्टॉपवरच्या टपरीत दिसली. घरी येऊन त्यांनी खोकं खाटेवर ठेवलं आणि विचारलं, "हा काठ तुमच्या घरचा आहे का?" खोक्यावर एका बाईची उघडी पाठ. साडी कमरेपर्यंत घसरलेली, आणि काठ असा समोर की आंधळ्यानंही दात मोजावे. सात सरळ, आठवा उलटा. खाली हिंदीत जे छापलं होतं ते मी दुसऱ्यांदा वाचलं नाही.

टपरीवर तीन होत्या, तिन्ही नवरा घेऊन आला होता. त्या आम्ही चुलीत घातल्या. म्हणजे दोन घातल्या, एक बघायला ठेवली. आठ दिवसांनी टपरीवाल्यानं माळच टांगली. म्हणाला, "भाऊ, लय चालून राहिली." कपाळ माझं! आम्हीच खप दाखवून दिला होता. आणि फॅक्टरीची बस त्याच स्टॉपवर थांबायची.

बहिणीला मी शहापूरला बोलावून घेतलं. भर दुपारी दारं लावून आम्ही दोघींनी तो सिनेमा पाहिला. राणी कुठेच नाही, भूत म्हणजे पावडर लावलेला एक माणूस. मध्येच तळ्याचं दृश्य येतं. बाई पाठमोरी पाण्याकडे चालत जाते आणि साडी सोडते. बाकी सिनेमात हिरोईन दुसऱ्याच कपड्यांत आहे. ह्या बाईचं तोंड कुठेच दिसत नाही. बहीण टीव्हीच्या काचेजवळ जाऊन बसली होती. "पलट ना वो माय," ती म्हणाली. "एक डाव पलट." मी पण मनात तेच म्हणत होते. ज्या दृश्याची लाज वाटावी ते अजून थोडं चालू दे, म्हणून आम्ही देवाचा धावा करत होतो. बाई पाण्यात उतरली आणि पडद्यावर वटवाघूळ आलं. आम्ही तो तुकडा चारदा लावला. ती चारही वेळा तशीच गेली.

तोवर जवाहरनगरात बोभाटा झाला होता. फक्त काठाचाच पुरावा असता तर एखादी बाई म्हणाली असती, दुसरी साडी असेल. पण बाबूजींनी भर मांडवात सांगून ठेवलं होतं, दुसरी साडी नाही आणि ही दुसऱ्या कोणाच्या अंगाला लागली नाही. मग उरलं कोण?

बाबूजी जवाहरनगरला गेले. सगळं खरं सांगितलं. साडी दिली होती, घडी मोडली होती, मांडवात खोटं बोललो. मुलाच्या बापानं शांतपणे ऐकून विचारलं, "तवा खोटं बोलले, का आता खोटं बोलून राहिले?" दोन्ही वेळेला तोंड त्यांचंच. घरी येऊन मागावर बसले ते संध्याकाळपर्यंत, धोट्याला हात न लावता. मला इतका राग आला त्यांचा, आणि इतकी कीव. दोन्ही एकदम आलं की माणसाला काहीच करता येत नाही.

मग मी पुन्हा शहाणपणा केला. सीडीतल्या त्या बाईच्या उजव्या खांद्याखाली एक काळा तीळ दिसत होता, चांगला मोठा. बहिणीची पाठ गोरीपान, एक डाग नाही. मी निरोप पाठवला, तीळ बघा म्हणावं, माझ्या बहिणीला तीळ नाही. वाटलं, जिंकलो! चार दिवसांनी उलट निरोप आला, येऊन पाहतो.

येऊन पाहतो म्हणजे काय पाहतो, हे माझ्या डोक्यात आलं ते त्या बाया दारात उभ्या राहिल्यावर.

रविवारची दुपार होती, मी माहेरीच होते. विहीणबाई आणि त्यांची जाऊ ऑटोतून उतरल्या. मागून मोटरसायकलवर तो, नवरा मुलगा. बहीण खिडकीतून बघत होती. "थो पन आला?" तिनं विचारलं. "बायांले पोचवाले आला असन," मी म्हटलं. तो बाहेर बाबूजींजवळ खुर्चीवर बसला. आत बघितलंसुद्धा नाही. ऐकून घेणारा पोरगा, बसला ऐकत.

आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. जावेनं पर्समधून सीडीचं खोकं काढलं. विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तेच साडी नेसून उभी राह्य बेटा, पाठ करून. म्हणजे बरोबर समजते. आमालेही हे बरं नाही वाटत." बहिणीनं माझ्याकडे बघितलं. मी भाजीवाल्याशी भांडणारी, सासूला गप्प बसवणारी बाई. त्या दिवशी मला म्हणता आलं नाही, उठा, निघा माझ्या बापाच्या घरातून. मनात हिशेब एवढाच, की दोन मिनिटं जातील आणि लग्न वाचेल. मी म्हटलं, "राह्य उभी. दोन मिनिटाचा तं सवाल आहे."

ती साडी नेसली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पदर मी काढला. चोळी खांद्यावरून खाली ओढली ती पण मीच. दोघी जवळ आल्या. खोकं तिच्या पाठीला लावून एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग जावेनं बोट जिभेला लावून ओलं केलं आणि माझ्या बहिणीच्या खांद्याखाली घासलं, पावडर लावून तीळ झाकलाय का ते पाहायला. मी पदर धरून नुसती उभी.

"नाही वो," विहीणबाई म्हणाल्या, आणि खरंच त्यांना आनंद झाला होता. "नाही तीळ. झाली आमची खात्री. पलट बेटा आता, तोंड दाखव."

बाहेर बाबूजींनी 'खात्री' एवढं ऐकलं असावं. त्यांचा आवाज आला, "चहा मांडू का वो?" मागोमाग स्वयंपाकाच्या खोलीत स्टोव्ह घरघरू लागला, कपबशा वाजल्या.

बहीण पलटली नाही. "पलट ना गं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच टीव्हीसमोरच्या त्या दुपारच्या तिच्या आवाजासारखा लागला. ती भिंतीकडेच बघत बोलली, हळू नाही, बाहेर नीट ऐकू जाईल इतक्यानं.

"ताई, सांग यायले. थे बाई मीच आहो. जा म्हना आता."

बाहेर त्याची मोटरसायकल सुरू झाली. मग बाबूजींनी कोपरानं दार ढकललं, दोन्ही हातांत चहाचा ट्रे होता, चेहरा हसरा होता. त्यांनी मला डोळ्यांनीच विचारलं, झालं ना? मी पदर तिच्या पाठीवर टाकायलासुद्धा विसरले होते.