ती खुर्ची रिकामी नाही

हस्काजींच्या इंजिनघरात दोन खुर्च्या होत्या आणि हस्काजी दिवसभर उभे असायचे. एका खुर्चीवर तेलाचे डबे, पाने-पकडी आणि चिंध्या यांचा ढीग. दुसरी वेताची, स्वच्छ पुसलेली, भिंतीशी मोकळी. वसमतच्या जिनिंग फॅक्टरीत मी स्टोअरकीपर म्हणून लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात सामानाची यादी करत तिथे पोहोचलो. यादीत लिहिले, ‘खुर्ची, वेताची, एक, वापरात नाही.’ लिहून झाल्यावर जरा टेकलो.

हस्काजींची पाठ माझ्याकडे होती. तरी इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ते म्हणाले, “उठा तिथनं. ती रिकामी नाय.”

मी उठलो. खुर्चीकडे पाहिले. कोणी नव्हते. कोणाची म्हणून विचारले, तर “एलियाहू हनाबी” असे उत्तर मिळाले. मला वाटले, हैदराबादहून कोणी तपासनीस येणार असेल. निजामाच्या दरबारी असल्या नावाचा अधिकारी असणे अगदीच अशक्य नव्हते. कधी येणार आहेत, असे अदबीने विचारले. हस्काजी म्हणाले, “दोन-अडीच हजार वर्सं वाट बघतोय.” माणूस सरकारी असावा, ही माझी समजूत त्यामुळे आणखी पक्की झाली.

हस्काजी बेने इस्राएल, अलिबागकडचे. घरात मराठी, देवघराच्या जागी एक जुने हिब्रू पुस्तक, आणि शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी मावळेपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही. वसमतला यहुदी माणूस पूर्वी कोणी पाहिलेला नव्हता, म्हणून गावाने आपापल्या परीने त्यांची सोय लावली होती. हिंदूंनी दाढी पाहून आणि सुंतेचे ऐकून त्यांना मुसलमानांत घातले. मुसलमानांनी ते जुन्या करारातले आहेत असे कळल्यावर किरिस्तावांकडे पाठवले. किरिस्तावांच्या मते ते जवळजवळ किरिस्तावच होते, फक्त शेवटची सही राहिली होती. हस्काजी कोणालाच दुरुस्त करत नसत. “तीन घरांची आमंत्रणं येतात,” म्हणायचे, “खोटं बोलून तोटा कशाला करू?”

खुर्चीची हकीकत त्यांनी मला पुढे सांगितली. त्यांच्यात मुलाची सुंता होते तेव्हा एलियाहू नबीसाठी एक खुर्ची मांडतात. नबी मेला नाही. आगीच्या रथात बसून जिवंत वर गेला. मसीहा यायच्या आधी वर्दी द्यायला तो खाली येणार, आणि तोवर प्रत्येक सुंतेला हजर राहतो. ही खुर्ची बन्याच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलाच्या सुंतेची. त्या वर्षी बायको गेली. मुलगा आणि खुर्ची घेऊन ते देशोदेशी इंजिने चालवत वसमतला आले. नबी जाताना त्याच्या रथाची चाके अलिबागजवळच्या एका खडकावर उमटली आहेत, असेही त्यांनी सांगितले. स्वर्गात जायचे तरी कोकणातून जावे लागते, हे ऐकून मला कोकणी माणसाविषयीच्या माझ्या अनेक शंकांचे उत्तर मिळाले.

दुपारच्या सुट्टीत इंजिन थांबे आणि धर्मचर्चा सुरू होई. चर्चेला कायमचे दोघे. एक कासिमभाई, बॉयलरची भट्टी सांभाळणारे, सहा पिढ्या वसमतचे. दुसरे येशूदास मास्तर. ते आठवडाभर काट्यावर कापूस तोलत आणि रविवारी मिशनच्या खोलीत उपदेश करत. त्यामुळे वजन कमी भरलेल्या शेतकऱ्यालासुद्धा ते पवित्र शास्त्रातल्या मराठीत समजावत आणि शेतकरी घाबरून ते मान्य करी. देव एकच आहे यावर तिघांचे एकमत होते. सुट्टीच्या वारावर नव्हते. शुक्रवारी दुपारी कासिमभाई नमाजला, शनिवारी हस्काजी घरी, रविवारी मास्तर उपदेशाला, हे तक्ते मीच करायचो. तीन धर्मांचा एवढा बारीक अभ्यास मी केवळ जिनिंग चालू राहावे म्हणून केला.

वाद नेहमी खुर्चीपासून निघे. मास्तरांचे म्हणणे, एलिया येऊन गेला. योहान बाप्तिस्मा देणारा आला, तोच एलियाच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने आला. “प्रभूने स्पष्ट सांगितले आहे,” मास्तर बोट वर करत, “एलिया आलाच आहे, आणि त्यांनी त्याला ओळखले नाही. हस्काजी, तुम्ही उतरून गेलेल्या पाहुण्यासाठी स्टेशनावर टांगा घेऊन उभे आहात.”

कासिमभाईंना हे दोन्ही पटत नसे. हजरत इलियास हे नबी, बआलच्या मूर्ती पुजणाऱ्या लोकांना ताळ्यावर आणायला अल्लाने धाडलेले. कुराणात त्यांचे नाव आहे. मान मोठा, पण हात पसरायचा तो अल्लापुढेच. आणि ते जाऊन कुठे गेले? त्यांच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे पाण्यावर ख्वाजा खिज्र आणि कोरड्या रानावर इलियास, असे दोघे आजही फिरतात, वाट चुकलेल्याला वाटेला लावतात आणि दरवर्षी हजला एकमेकांना भेटतात. “ते येऊन राहिले, जाऊन राहिले,” कासिमभाई म्हणत. “आपल्याला दिसंना त्येला ते काय करतील? अन् फिरत्या माणसाला खुर्ची काहून पायजे?”

म्हणजे एकाच्या मते यायचा आहे, दुसऱ्याच्या मते येऊन गेला, तिसऱ्याच्या मते इथेच कुठेतरी आहे. माझ्या कोठीत एखाद्या वस्तूबद्दल तीन माणसांनी अशी तीन उत्तरे दिली असती, तर मी तिघांनाही संशयित धरले असते. नबीबद्दल एका गोष्टीवर मात्र तिघांचे जमे. नबीने ओल्या लाकडांवर आकाशातून आग उतरवली, ती गोष्ट तिघांच्याही तोंडची. मॅनेजर पावसाळ्यात भिजलेली लाकडे भट्टीसाठी पाठवी, तेव्हा कासिमभाई मुकाट्याने लाकूड उचलून खुर्चीपुढे धरत आणि म्हणत, “आता तरी उठा, हजरत.” यावर मास्तरसुद्धा हसत.

मग बन्या फौजेत गेला. पुण्याला वर्कशॉपमध्ये भरती झाला आणि तिथून मलायाच्या बाजूला गेला. सिंगापूर पडले आणि पत्रे थांबली. काही महिन्यांनी सरकारी कागद आला: बेपत्ता. कागद वाचून मीच दाखवला. हस्काजींनी तो दोनदा घडी करून खिशात ठेवला, वेताची खुर्ची भिंतीपासून ओढली आणि तिचे तोंड दाराकडे केले.

त्या दिवशी त्यांनी नवस बोलला. बन्या घरी आला की एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करायचा. मला म्हणाले, “तुमाला याद्यांची हौस. करा एक.” मी केली. पोहे, साखर, खोबरे, वेलची, बदाम, खारीक, पाच तऱ्हेची फळे, गुलाबाची फुले. नारळ वसमतला चांगला मिळत नाही, नांदेडहून आणवणे, असा शेरा मारला. यादीवर तारीख तेवढी घालायची राहिली.

वाद थांबले नाहीत, उलट वाढले, कारण आता गप्प बसणे तिघांनाही परवडणारे नव्हते. मास्तर म्हणत, वाट पाहणे सोडा, प्रभूकडे मागा. कासिमभाई म्हणत, रानात हरवलेल्याचा धनी तर इलियासच, तुमच्या पोराला त्यांनी बराबर धरलं असंल. हस्काजी दोघांना एकच उत्तर देत, “तो आला की त्यालाच विचारू.” एकदा मास्तरांनी आडून सुचवले की मलिदा आधीच करून टाकावा, म्हणजे मनाला शांती मिळेल. हस्काजी म्हणाले, “मास्तर, माल तोलायच्या आधी पावती देता तुमी?” मास्तर काट्यावर परत गेले.

जवळजवळ चार वर्षे गेली. लढाई संपली. गावात दोघे-तिघे शिपाई परतले, बँडशिवाय. बन्याचे काही कळले नाही. मॅनेजरने एकदा तालुक्याचा कोणी साहेब आला म्हणून ती खुर्ची मागवली. हस्काजींनी तेलाच्या डब्यांची खुर्ची डबे उतरवून पाठवली. साहेबाची पांढरी पाटलोण कोणत्या अवस्थेत परत गेली, याची नोंद मी ठेवलेली नाही.

कापसाचा हंगाम भरात होता. दुपारची सुट्टी संपत आली होती आणि मास्तर ऐन रंगात होते. नबी आला तर ओळखायचा कसा, हा त्या दिवसाचा विषय. मास्तरांनी उंटाच्या केसांचे वस्त्र आणि कातडी कमरबंद सांगितला. कासिमभाई म्हणाले, कपड्यावर जाऊ नका, ते भिकाऱ्याच्या भेसातबी येतात. हस्काजींनी दुजोरा दिला, त्यांच्याकडेही तो भिकारी होऊन येतो, परदेशी होऊन येतो, आणि ज्याला ओळखता आले नाही त्याचे नशीब फुटके. नबीच्या येण्याबाबत हस्काजी आणि कासिमभाईंचे इतक्या वर्षांत पहिल्यांदा जमले होते. मी गेटच्या यादीत नावे टिपत दाराशी बसलो होतो.

एक माणूस आत आला. काळवंडलेला, हाडांवर कातडे, दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी मोठा कोट. मोसमात असे पुष्कळ येत, ओझी उचलायचे काम मागायला. स्टेशनापासून चालत आला असावा, कारण समोर खुर्ची दिसताच तो काही न बोलता तीत बसला.

“उठ तिथनं,” हस्काजी ओरडले. “ती रिकामी नाय.”

माणूस गडबडून उठला. मास्तरांनी त्याला बाहेर काट्यापाशी थांबायला सांगितले. तिथे सावली नव्हती, पण शिस्त होती. कासिमभाईंनी कोणाकडे काम हाय म्हणून विचारले आणि उत्तराची वाट न पाहता मास्तरांकडे वळून मुद्दा पुढे चालू केला. राहिलो मी. मी पेन्सिल ओली केली आणि नेहमीप्रमाणे म्हणालो, “नाव सांगा.”

तो हस्काजींच्या पाठीकडे पाहत होता. हळूच म्हणाला, “बन्यामीन हस्काजी.”

मी ‘बन्या’पर्यंत लिहिले आणि पेन्सिल थांबली. वर पाहिले. मागे हस्काजींनी हातातला पाना खाली ठेवला होता. ठेवला कसला, त्यांच्या हातून तो सुटला होता. नबींच्या खाणाखुणांचे तीन जाणकार त्या खोलीत होते, आणि बापासकट एकालाही पोरगा ओळखता आला नव्हता.

भोंगा झाला. इंजिन सुरू झाले नाही. हस्काजी चालत आले, मुलाच्या दोन्ही खांद्यांना हात लावला, कोटाच्या आत खांदे कुठे आहेत ते शोधल्यासारखा, आणि त्याला परत खुर्चीत बसवले. “बस,” म्हणाले. “बस आता.”

मास्तरांनी तोंड उघडले. मला वाटले, वचन येणार. पण त्यांनी ते मिटले आणि बाहेर जाऊन स्वतःचा तांब्या घेऊन आले. कासिमभाई खाली बसून बन्याच्या बुटांचे बंद सोडत होते. “आमाला वळखू आलं न्हाई, बेटा,” एवढेच दोन-तीनदा म्हणाले. मॅनेजर धावत आला, इंजिन का बंद म्हणून. मी कारणाच्या रकान्यात लिहिले, ‘पाहुणे.’

मलिदा पुढच्या गुरुवारी झाला. यादी जशीच्या तशी उपयोगी पडली. नारळ नांदेडहूनच आला. त्यांच्यात काही प्रार्थनांना आपले दहा पुरुष लागतात, आणि सबंध तालुक्यात होते दोन. मास्तरांनी उरलेल्या आठांत आम्हाला धरावे अशी सूचना केली. हस्काजींनी ती हसून नाकारली. “तुमी जेवायला दहांच्या बराबर आहात, प्रार्थनेला नाय.” दहांशिवाय चालते ते नबीचे गाणे त्यांनी बापलेकांनी म्हटले. मास्तरांनी ही सगळी प्रथा शास्त्राला धरून नाही असे स्पष्ट सांगितले आणि मलिदा तीनदा घेतला. कासिमभाईंनी घरी न्यायला पुडी बांधून मागितली. नबी कोणाच्याही खात्यावरचा असो, पोहे चांगले झाले होते.

बन्याला मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात काम लागले. अठ्ठेचाळीस साल उजाडले. गावात रझाकारांच्या फेऱ्या, रोज नवी अफवा, आणि जिनिंगला कुलूप. पावसाळ्यापूर्वी हस्काजी मुलाकडे निघाले. सामान मीच बांधून दिले, यादीसकट. खुर्ची यादीत होती, पण गाडीत चढली नाही.

“तुमच्याकडं ठेवतो,” हस्काजी म्हणाले. “मास्तरांकडं दिली तर तो येऊन गेला म्हणून मोडून टाकतील. कासिमकडं दिली तर तो फिरतीवर हाय म्हणून पोरं बसतील. तुमी आपली यादीत लिवाल आन् पुसत राहाल.” मी विचारले, न्यायला कधी याल? ते म्हणाले, “मला न्यायची नाय. ओळखायला शिकलात तर द्या कुणालाबी.” त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही. दोन वर्षांनी बन्याचे पत्र आले, ते गेल्याचे.

हस्काजी गेले त्या अठ्ठेचाळीसच्याच भाद्रपदात निजामाचे राज्य चार दिवसांत संपले होते. मग रझाकारांचे हिशेब चुकते करायला गावोगाव माणसे निघाली. ज्यांनी काही केले होते ते आधीच पळाले होते, म्हणून ज्यांनी काही केले नव्हते त्यांच्यावर भागवण्यात आले. एका भर दुपारी माझे दार वाजले. बाहेर कासिमभाई, मागे त्यांची बायको, हातात एक बोचके. आयुष्यभर भट्टीपुढे उभा राहिलेला तो माणूस वळून वळून गल्लीकडे पाहत होता.

मी दोघांना आत घेतले आणि दाराला अडसर घातला. बायकोला आमच्या घरच्या मंडळींनी स्वयंपाकघरात नेले. कासिमभाई ओसरीच्या आत भिंतीला धरून उभे राहिले. मी खुर्ची ओढली.

त्यांनी ती ओळखली आणि मागे सरले. “ती न्हाई, बाबू,” म्हणाले. “ती त्येंची हाय.”

“बसा,” मी म्हणालो. “मागच्या वेळी आपण चौघांनी मिळून एकाला उठवलं होतं.”