विलासने गोळी घेतली होती

विलास गेल्याची बातमी मला आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली, आणि ती खोटी होती. म्हणजे तो गेला होता हे खरं. पण ग्रुपवर लिहिलं होतं की विलासने राहत्या घरी स्वतःला गोळी घातली, घरात रायफल होती, विषय सेन्सिटिव्ह आहे, कृपया कुणी फोन करून कुटुंबाला त्रास देऊ नये. खाली हात जोडल्याची चित्रं. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ते वाचलं आणि मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावच्या रस्त्यांवरून कशी त्याच्या घरी पोचले ते मला आठवत नाही. दारात पोलिसांची गाडी उभी होती. इथे माणूस घरी वारला की पोलीस येतातच, पण समोरच्या घरांतून बघणाऱ्यांना तेवढं पुरेसं होतं. सुनंदा, त्याची बायको, जमिनीवर बसली होती. म्हणाली, "सरिताताई, सकाळची बीपीची गोळी घेतली, म्हणाले जरा बसतो, आणि बसले ते उठलेच नाहीत..."

गोळी घेतली. हेच वाक्य तिने रडत रडत पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंना फोनवर सांगितलं होतं. बाईंचं नाव मी लिहीत नाही, ट्रॉयमध्ये सगळे ओळखतील. त्यांनी ऐकलं, गोळी घातली. दुसऱ्या कुठल्या माणसाच्या बाबतीत त्यांनी निदान परत विचारलं असतं, "काय म्हणालीस ग?" विलासच्या बाबतीत विचारायची गरज वाटली नाही, कारण त्याच्याकडे बंदूक आहे हे मंडळाला चांगलं ठाऊक होतं आणि मंडळ बरेच दिवस त्याबद्दल काहीतरी व्हायची वाट बघत होतं. हे मी रागाने लिहितेय, पण खोटं लिहीत नाही.

विलास आणि मी एकाच कंपनीत गिअरबॉक्सवर काम करायचो, एकाच ओळीत बसायचो. तो नागपूरचा, मी कोल्हापूरची. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं, "कुठले तुम्ही?" तर म्हणाला, "आधी नाव विचारून घ्या, मग आडनाव विचारा, मग गाव. मंडळात हाच क्रम असतो." मी हसले, तोही हसला, पण पुढे कळलं की तो अजिबात गंमत करत नव्हता. आमच्याच ऑफिसात रॉन नावाचा एक म्हातारा होता. ट्रॉयच्या उत्तरेला त्याची सफरचंदांची बाग, आणि हरणं तिचा फडशा पाडायची. एका हिवाळ्यात त्याने विलासला शिकारीला सोबत नेलं. परत आला तो वेगळाच माणूस. मला म्हणाला, "यार, झाडावरच्या मचाणावर पहाटेपासून बसलो. थंडीने पाय गेले. पण एवढा वेळ मला कुणी काही विचारलं नाही." त्याने त्या दिवशी काही मारलंही नव्हतं.

मग रायफल घ्यायची ठरली आणि त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. आमच्याकडे मिशिगनच्या दक्षिण भागात वस्ती दाट, म्हणून हरणासाठी कुठलंही काडतूस चालत नाही, सरळ भिंतीचंच लागतं. म्हणजे काय, असं मी विचारल्यावर त्याने माझ्या ओट्यावरचा तांब्या आणि पेला उचलून शेजारी ठेवले. "तांब्याला मान असते. बूड मोठं, तोंड बारीक. असल्या काडतुसाची गोळी लांब जाते, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरायची. पेला बघ, खालून वरपर्यंत सरळ. तांब्या बेकायदा, पेला कायदेशीर." माझ्या सासूबाई तेव्हा आल्या होत्या, त्या घाबरून म्हणाल्या, "अहो, तांब्याला पण इथे बंदी आहे?" विलास इतका हसला की त्याला ठसका लागला.

सरळ भिंतीतही दोन नंबर जास्त चालतात, त्यांना तो मराठीत साडेतीनशे आणि साडेचारशे म्हणायचा. रॉनचं म्हणणं साडेचारशे घे, हरीण जागेवर पडतं. विलासने दोन्ही चालवून बघितल्या, एकदा मलाही नेलं. साडेचारशेचा दणका असा की माझा खांदा कितीतरी दिवस निळा होता. तो म्हणाला, "हाच प्रॉब्लेम आहे. एकदा असा मार खाल्ला की पुढच्या वेळी चाप ओढताना माणूस आधीच दचकतो. दचकला की नेम हलतो, आणि ते बिचारं जखमी होऊन रात्रभर रानात फिरतं. ज्याला दणका सोसत नाही त्याने मोठेपणा करू नये." म्हणून साडेतीनशे. नळी आखूड, मचाणावर फांदीला अडकू नये म्हणून. त्यात हा डावखुरा. शाळेत मास्तरांनी डाव्या हातावर छड्या मारून लिहायला उजवा केला होता, बाकी सगळं डावंच. काडतूस आत सरकवायची जी दांडी असते, तो बोल्ट, बहुतेक रायफलींना उजवीकडे. दुकानांमागून दुकानं झाली. शेवटी एका दुकानदाराने डाव्या बाजूचा बोल्ट असलेली मागवून दिली, तेव्हा विलास ती हातात धरून नुसता उभा राहिला. "सरिता, कुणीतरी ही माझ्यासारख्यासाठी बनवलीय ग."

मंडळात कळलं आणि तोंडं वाकडी झाली. मंडळाच्या पिकनिकला मटणाच्या रश्शासाठी दुसऱ्यांदा ताट पुढे करणाऱ्या एकाने त्याला विचारलं, "पण तुमच्यात चालतं का हे? बुद्धाला चालतं का?" विलास शांतपणे म्हणाला, "तुमच्या ताटातल्या बोकडाने परवानगी दिली होती का?" त्यानंतर त्याला 'शिकारी' हे नाव पडलं आणि त्याच्या घरी कुणी मुलांना खेळायला पाठवेना. सगळ्यांना बंदुकीची भीती वाटत होती असं म्हणतात. असेल. पण ज्या शेजारी गोऱ्यांकडे चार-चार बंदुका होत्या त्यांच्या घरी हीच मुलं स्लीपओव्हरला, रात्रभर राहायला जायची, तेव्हा कुणाला भीती वाटली नाही.

खरी भीती सुनंदाला होती, आणि तिने ती तोंडावर सांगितली. "घरात बंदूक आली तर मी नागपूरला जाईन." रॉनने आपोआप भरणारी रायफल सुचवली होती, ती विलासने ह्याच कारणासाठी नाकारली. बोल्टवाली घेतली, कारण तिचा बोल्ट एका झटक्यात बाहेर काढता येतो आणि उरतो तो लोखंडाचा दांडका. रायफल त्याच्या तळघरात कुलपात, आणि बोल्ट माझ्याकडे, माझ्या कपाटात, सुती साडीच्या फडक्यात गुंडाळलेला. हंगाम सुरू झाला की तो पहाटे दार वाजवायचा, चहा घ्यायचा आणि म्हणायचा, "द्या आमचा जीव." संध्याकाळी परत आणून द्यायचा. इतकी वर्षं एकदाही चुकला नाही. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशीही बोल्ट माझ्या कपाटात होता.

मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं. मग पुन्हा हात जोडल्याची चित्रं, आणि त्या बाईंचा सुनंदाला फोन, "अग, एका अक्षराचा घोळ झाला, मनावर घेऊ नकोस." तोवर अंत्यसंस्कार झाले होते. त्रिसरण म्हणायला आम्ही मोजकी माणसं होतो, त्यात रॉन, ज्याला एक शब्द कळत नव्हता आणि जो शेवटपर्यंत हात जोडून उभा होता. एरवी कुणाकडे काही झालं की डब्यांची रांग लागते. सुनंदाच्या दारात पिठलंभातसुद्धा आला नाही, कारण विषय सेन्सिटिव्ह होता.

पण मला लिहायचंय ते मैत्रीबद्दल. मैत्री म्हणजे विलासची मुलगी, तासाभरावरच्या ॲन आर्बरला कॉलेजात आहे. आईचा फोन पोचायच्या आधी तिला मंडळातल्या एका मैत्रिणीचा मेसेज पोचला होता, बाबांनी काय केलं ते सांगणारा. ती एकटी गाडी चालवत घरी आली. आईने खरं सांगितलं तरी तिला पटेना. दिवस जात होते आणि ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "आई, यू कॅन टेल मी. मी लहान नाहीये." सुनंदाने रडत मला बोलावलं. मी फडकं घेऊन गेले. तळघरात मैत्रीने कुलूप उघडलं, रायफल बघितली, मागची रिकामी जागा बघितली, त्यात बोट घालून बघितलं. मी बोल्ट तिच्या हातात दिला आणि तो माझ्याकडे का असायचा ते सांगितलं. ती पायरीवर बसली.

"म्हणजे खरंच हार्ट होतं."

"हो ग बाळा."

"मावशी, मी अख्ख्या रस्त्यात त्यांना ओरडत आले. गाडीत, एकटी. हाऊ कुड यू डू धिस टू आई, कावर्ड म्हटलं मी त्यांना... ही वॉज ऑलरेडी गॉन, अँड आय वॉज यलिंग ॲट हिम."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. आता हरणांचा हंगाम सुरू झालाय. सुनंदा म्हणते, रायफल विकून टाकू. मैत्री नाही म्हणते. दर शनिवारी ती माझ्याकडे येते, बोल्ट मागून घेते, तेलाच्या फडक्याने पुसते, पुन्हा गुंडाळून देते आणि जाते. रस्त्यात बापाला जे बोलली त्याची माफी ती कुणाकडे मागणार? आणि तिची माफी मागायला अजून मंडळातलं कुणी आलेलं नाही. सुनंदाला फोन करून झाला, त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं.