साखरेचा व्यापारी आणि आमचे शेठ

सौदीत दम्मामला मी इंडियन स्कूलमध्ये शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. मुलीला शाळेतून चार्ट करायला दिला होता: एखादा थोर व्यापारी. तिने इंग्लंडमधला एक निवडला. त्याने आपल्या शहराला दवाखाना दिला, शाळा दिली, चौकात पुतळा उभा. चिकटवाचिकटव करता करता ती एकदम ओरडली, "अम्मी, ये तो चीटिंग है!"

त्या भल्या माणसाचा पैसा कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत गुंतलेला होता. मळ्यांत राबायचे गुलाम. हा बेटावर कधी गेलाच नाही. मळेवाल्यांना कर्ज द्यायचं, जमीन आणि माणसं दोन्ही तारण घ्यायची, घरबसल्या व्याज खायचं. पुढे गुलामी उठली तेव्हा सरकारने भरपाई दिली, तीही यालाच. राबणाऱ्यांना फुटकी कवडी नाही.

"मेल्याचं वाटोळं कसं झालं नाही!" मी म्हटलं.

त्या शुक्रवारी आमच्या गावचे शेठ जेवायला आले. दम्माममध्ये त्यांची दुकानं, गावात त्यांच्या पैशाने बांधलेलं हायस्कूल. माझा मावसभाऊ त्यांच्याच दुकानात कामाला, तोही सोबत आला होता. त्याची आई, माझी खाला, रत्नागिरीच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती आणि त्याचा पासपोर्ट शेठच्या कपाटात होता. कफील, म्हणजे कागदावरचा सौदी मालक, नावापुरता. दुकानांत सौदी माणसं ठेवायची सक्ती आली होती. गेलेल्याच्या जागी नवा विसा मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून शेठ कोणालाच सुट्टीवर सोडत नव्हते. मी मुद्दाम सुरमई तळली. पोटभर जेवले की विरघळतील, अशी माझी वेडी आशा.

मुलीने त्यांना चार्ट वाचून दाखवला. शेठ ऐकता ऐकता तापले.

"हरामखोर साला! गोरगरिबांच्या घामावर पुतळे उभारतो!"

भावाने पाण्याचा जग पुढे केला. मी म्हटलं, "शेठ, याला तेवढं पाठवा हो. आई आहे त्याची."

"अगं मास्तरीण, मी नाही म्हटलंय का? पुढच्या महिन्यात बघू, इन्शाअल्लाह." आणि सुरमईचा आणखी एक तुकडा ताटात घेतला.

खाला त्याच आठवड्यात गेली. जियारत, म्हणजे तिच्या नावाचं कुराणपठण, आमच्या घरी झाली. कामगारांच्या कॅम्पातल्या सगळ्या गाववाल्यांना पुरेल एवढी बिर्याणी शेठनी पाठवली. जो तो म्हणे, काय दिलदार माणूस! माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. शेठ आत येताना मी दारातच पासपोर्टचं विचारलं.

ते अगदी मायेने म्हणाले, "आता घाई कसली, बाय? माती तर झाली."

मी तोंड उघडणार, तोच भावाने मला स्वयंपाकघरात ओढलं. त्याचे डोळे सुजले होते.

"आपा, तुला अल्लाची शपथ, काही बोलू नकोस. मोठ्या मुश्किलीने शेठकडे एक विसा सुटलाय. मी तो धाकट्या भावासाठी मागितलाय."

मग त्याने बिर्याणीचं पातेलं उचललं आणि बाहेर वाढायला गेला. आधी शेठना.